चाकांवरची पाटी

पुण्याचा सिंहगड रस्ता असो वा ठाण्याचा घोडबंदर रस्ता, सायंकाळच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला वाचनासाठी उपलब्ध असलेले हक्काचे साहित्य म्हणजे पुढच्या गाडीची पाठ. एकेकाळी तेथे ‘हॉर्न ओके प्लीज’ किंवा ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ एवढाच मजकूर असे. त्यांपैकी पहिल्यास महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर मनाई केली. दुसरा अद्याप सुखरूप आहे. आता त्यांच्या जोडीला तिसऱ्या प्रकारचा मजकूर दिसू लागला आहे. घरगुती फराळ, गणिताच्या शिकवण्या, हिशेब लिहून देणे, बागेची निगा, पैठणीच्या ड्रेसची शिलाई अशा एखाद्या व्यवसायाचे नाव आणि त्याखाली संकेतस्थळाचा पत्ता. गाडी साधी, पांढऱ्या नंबरप्लेटची, घरातलीच. मालक किंवा मालकीण स्वत:च चाकावर बसलेली. आणि जाहिरातीचे काम नाक्यावरच्या रेडियमवाल्याने तासाभरात उरकलेले.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु शहरातील मोकळ्या जागेवर, किंबहुना नागरिकांच्या नजरेवर, कोणी किती हक्क सांगावा, या जुन्याच वादाचा हा नवा अंक आहे. मोठ्या फलकांच्या बाबतीत या वादाची किंमत आपण मोजलेली आहे. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुना बाजार चौकात फलकाचा सांगाडा कोसळून चार जण दगावले. पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे एप्रिल २०२३ मध्ये पाच जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर १२० फूट लांब आणि तितक्याच उंचीचा फलक कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. त्यानंतर तपासण्या झाल्या, सांगाडे उतरवले गेले, नव्या धोरणाचा मसुदा निघाला. हे सारे आवश्यकच होते. मात्र या सगळ्या चर्चेत फलकवाले, जाहिरात कंपन्या, महापालिका आणि रेल्वे एवढेच पक्ष दिसले. ज्याला असा फलक सात जन्मांत परवडणार नाही, त्या छोट्या व्यावसायिकाने आपले नाव लोकांपर्यंत न्यावे तरी कसे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर त्याने स्वत:च शोधले आणि ते डिकीवर चिकटवले.

या उत्तराला कायद्यात स्थान काय, हे पाहू गेल्यास मोठी गंमत आढळते. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातील कलम ‘३२८-अ’ जाहिरातींचे नियंत्रण करते. कोणत्याही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर किंवा बांधकामावर आयुक्तांच्या लेखी परवानगीविना जाहिरात लावता येत नाही, हा मूळ नियम. मात्र त्याला एक शहाणपणाचा अपवाद आहे. ज्या जागेत व्यवसाय चालतो त्याच जागेवर, त्याच व्यवसायाची जाहिरात असेल आणि ती प्रकाशित किंवा आकाशचिन्ह या प्रकारातली नसेल, तर परवानगीची गरज नाही. म्हणजे किराणा दुकानदाराने स्वत:च्या दुकानावर स्वत:ची पाटी लावली, तर त्याला महापालिकेच्या दारी जावे लागत नाही. दुकान म्हटले की पाटी आलीच, हे व्यवहारज्ञान कायदा करणाऱ्यांकडे होते.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक वाक्य आहे. ‘बांधकाम’ या शब्दात जाहिरातीसाठी वापरल्या जाणाऱ्या चाकांवरच्या हलत्या फलकाचाही समावेश होतो, असे ते वाक्य सांगते. उद्देश उघड आहे. हातगाडीवर वा ट्रॉलीवर मोठी पाटी उभारून ती रस्तोरस्ती फिरवायची आणि ‘ही भिंत नव्हे, इमारत नव्हे’ म्हणून हात वर करायचे, ही पळवाट बुजवण्यासाठी ते घातले गेले. पण घरच्या मोटारीच्या डिकीवर सहा इंची पट्टीत लिहिलेला पत्ता हा ‘चाकांवरचा फलक’ ठरतो काय? अक्षरश: वाचल्यास ठरवता येईल, हेतू पाहिल्यास ठरू नये. दिल्लीत ही संदिग्धता नाही. तेथील महापालिकेच्या १९५७ च्या कायद्यातील जाहिरात कराच्या तरतुदीत वाहनावरील जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख होता. पुढे १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरात कराची नोंदच वगळली गेली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. तरीही परवानगी आणि शुल्क यांचा प्रश्न आहे तेथेच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका खासगी बँकेच्या एटीएमवरील पाट्यांच्या प्रकरणात मुंबईच्या याच कलमाचा विचार केला होता. केवळ ओळख पटवणारी पाटी आणि गिऱ्हाइकाला खेचण्यासाठी केलेली जाहिरात यांत फरक करावा लागतो, हा त्या चर्चेचा गाभा. हा फरक मोटारीला लावून पाहा. ‘अमुक फराळ’ आणि खाली संकेतस्थळ, ही ओळख म्हणावी काय? ‘दिवाळीनिमित्त वीस टक्के सूट, आजच मागणी नोंदवा’ ही मात्र नि:संशय जाहिरात. मग नुसता पत्ता लिहिला तर? संकेतस्थळाच्या पत्त्याचे वैशिष्ट्य असे की तो एकाच वेळी नाव असतो, ठिकाण असतो आणि आमंत्रणही असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याच्या चौकटीत ही तिन्ही कामे करणारी एकच ओळ कोठे बसवायची, याचे उत्तर आज कोणत्याच कार्यालयातून ठामपणे मिळत नाही. पुण्यात तर हा विषय ज्या विभागाकडे जायचा त्याचे नाव ‘आकाशचिन्ह’. रस्त्यावरून सरपटणाऱ्या छोट्या गाडीचे भवितव्य आकाशचिन्हवाल्यांच्या हाती असावे, यात एक प्रकारचे काव्य आहे.

मूळ मुद्दा येथेच आहे. कायद्याने पाटीची सवलत दिली ती ज्याला दुकान आहे त्याला. ज्याचे दुकान संकेतस्थळावर आहे, त्याला भिंत नाही, शटर नाही, उंबरठा नाही. डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात चकल्या तळणाऱ्या बाईने पाटी लावावी कोठे? गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वारावर लावू म्हटले तर कार्यकारिणीची हरकत. जिन्यात लावली तर शेजाऱ्यांची. आमच्या परिचयातील अशाच एका गृहउद्योजिकेला संस्थेच्या सभेत ‘हा व्यापारी गाळा नाही’ असे ऐकावे लागले. दुसऱ्याच आठवड्यात तिने नवऱ्याच्या जुन्या गाडीवर पत्ता लिहून घेतला. गाडी त्याच संस्थेच्या आवारात, तिच्या नावच्या जागेत उभी असते आणि आता हरकत घ्यायला कोणाला जागा नाही. तिच्या व्यवसायाची एकमेव दर्शनी भिंत ती गाडीच आहे. दुकानदाराला त्याच्या भिंतीवर जे विनापरवाना करता येते, ते तिने तिच्या या भिंतीवर केले, तर तिचे चुकले काय?

परिवहन खात्याचे नियम मात्र या भावनिक युक्तिवादापुढे विरघळणारे नाहीत आणि ते विरघळूही नयेत. रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांवरील जाहिरातींसाठी परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सर्वज्ञात आहे. खासगी गाडीचा मामला अधिक मोकळा असला तरी तीन जागी चूक हमखास होते. पहिली जागा काच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचांवर फिल्म चिकटवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक निर्देश दिले. पुढे नियमात सुधारणा झाल्या, पण या दोन टक्केवाऱ्या कायम राहिल्या. बारीक छिद्रे असलेल्या ज्या कागदावर मागच्या काचेची जाहिरात छापून मिळते, तो आतून पाहता येतो म्हणून रेडियमवाला ‘चालतं साहेब’ म्हणतो. पावसाळ्यातल्या रात्री त्यातून मागची दुचाकी दिसते काय, हे त्याला विचारून उपयोग नाही. तो त्या गाडीत बसलेला नसतो. दुसरी जागा नंबरप्लेट. तिच्यावर किंवा तिच्या चौकटीत एकही जादा अक्षर खपत नाही आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट आल्यापासून तर ‘४१४१’ला ‘दादा’ करण्याची कलाही अडचणीत आली आहे. तिसरी जागा म्हणजे गाडीचा रंग. नोंदणी प्रमाणपत्रावर रंग नमूद असतो. पांढरी गाडी नखशिखांत केशरी विनाइलमध्ये गुंडाळली की कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १५०० रुपये आहे. रक्कम मोठी नाही; पण महिन्याला चार-पाच मागण्या मिळवणाऱ्यास ती जाणवते.

याहून मोठा धोका बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो, तो विम्याचा. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. भाड्याने वाहतूक आणि नमुने वा वैयक्तिक सामान वगळता मालाची ने-आण या गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. नुसते नाव लिहिल्याने काही बिघडत नाही. परंतु डब्यांनी भरलेली डिकी, आत मागणीच्या पावत्या आणि बाहेर व्यवसायाचे नाव अशा अवस्थेत अपघात झाला, तर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला प्रश्न विचारण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही. गाडीनेच ते लिहून दिलेले असते. माल पोचवण्यासाठी गाडी नियमित वापरायची असेल, तर पाटीच्या आधी विमा एजंटशी बोलणे स्वस्त पडेल.

इतके सारे सांभाळून हा उद्योग फलद्रूप होतो काय? येथे भाबडेपणा नको. ताशी ४० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या दिशेने सेकंदाला सुमारे बावीस मीटर सरकतात. तीस मीटरवरून अक्षर दिसू लागले, तरी वाचायला दीड सेकंदही मिळत नाही. तेव्हा बॉनेटवरचा मजकूर जवळजवळ वाया जातो. दारावरचा मजकूर गाडी उभी असताना उपयोगी पडतो, भाजी मंडईजवळ किंवा शाळा सुटताना. खरी जागा पाठ. आपल्याकडच्या सिग्नलला मागे दुचाकीस्वार मिनिटभर थांबलेला असतो आणि त्याची नजर नेमकी डिकीच्या उंचीवर येते. वाहतूक कोंडीचा कोणाला काही लाभ झाला असेल, तर तो या पाटीला. फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. तीस फुटांसाठी तीन इंच हवे. वीस अक्षरांचा पत्ता तीन इंचात लिहिला की साडेतीन फुटांची पट्टी होते आणि छोट्या गाडीची पाठ तेवढ्यात संपते. म्हणजे वीसहून अधिक अक्षरांचा पत्ता हा गाडीसाठी नाहीच. त्यात देवीचा फोटो, पदार्थांची यादी आणि ‘शाखा नाही’ हा मजकूर कोंबला, की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मराठी माणसापुढे यात एक जादा अडचण आहे आणि ती स्पेलिंगची. व्यवसायाचे नाव मराठी, पत्ता रोमन लिपीत. ‘वसुंधरा’मधला ‘व’ हा ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? शेवटी एक ‘ए’ की दोन? ‘ळ’साठी नेमके काय? सिग्नलवर वाचलेला पत्ता घरी पोचेपर्यंत कानात उरतो, डोळ्यांत नाही. आणि कानाने लक्षात ठेवलेला मराठी शब्द रोमन लिपीत उतरवताना प्रत्येक जण वेगळा उतरवतो. मग शोधणारा भलत्याच संकेतस्थळावर जातो. यावर उपाय म्हणून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध झाला. वास्तविक गाडीच्या पाठीवर त्याच्याइतके शोभणारे दुसरे काही नाही. पण तो रस्त्यावर दिसतो कितीसा? मोबाइलवर मराठी टंकणाऱ्यांची संख्या वाढली असली, तरी पत्त्याच्या चौकटीत आपला हात अजून रोमन लिपीकडेच वळतो. शिवाय देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच. ‘पुरण’ की ‘पूरण’ यावर जेथे घरात एकमत नाही, तेथे महाजालावर ते कसे व्हावे? ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही पत्ते घेऊन ठेवावेत. वर्षाला काही शे रुपयांचा प्रश्न आहे.

क्यूआर कोड हा यावरचा आणखी एक उपाय सुचवला जातो. दुकानाच्या गल्ल्यावर तो उत्तमच. धावत्या गाडीवर मात्र तो मागच्या चालकाला हातात मोबाइल घेण्याचे निमंत्रण देतो आणि वाहन चालवताना मोबाइल हाताळणे हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. उभ्या गाडीच्या दारावर चालेल, पाठीवर नको.

मग थेट मोबाइल क्रमांकच का लिहू नये, असे अनेक जण विचारतात. आपल्या लोकांना संकेतस्थळ उघडण्यापेक्षा फोन लावणे सोपे वाटते, हे खरेच. पण गाडी चालवणारी जर स्त्री असेल, तर हा प्रश्न निराळा होतो. पाठीवर ठळक मोबाइल क्रमांक घेऊन एकटी बाई रात्री नऊला घरी परतते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ती कोण, तिची गाडी कोणती आणि तिचा नंबर काय, हे सारे मागच्या अनोळखी माणसाला एका नजरेत कळते. नकोसे फोन, रात्री-अपरात्रीचे संदेश हा अनुभव सांगणाऱ्या स्त्रिया आपल्याही ओळखीत सापडतील. संकेतस्थळाचा पत्ता या दोघांच्या मध्ये एक पडदा धरतो. ज्याला खरोखर माल हवा आहे तो त्या पडद्याआड असलेल्या अर्जापर्यंत जाईल; ज्याला केवळ छळायचे आहे तो बहुधा तेवढे कष्ट घेणार नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या गाडीवर क्रमांकाऐवजी संकेतस्थळ असावे, याचे माझ्या मते सर्वांत वजनदार कारण हे आहे. जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांना ते सुचणे कठीणच.

अमेरिकेत या प्रकाराची दोन रूपे पाहायला मिळाली. मिनियापोलिसमध्ये १९९४ साली रॉबर्ट स्टीफन्स नावाच्या तरुणाने संगणक दुरुस्तीचा ‘गीक स्क्वॉड’ हा एकट्याचा व्यवसाय काढला; पुढे काळ्या-पांढऱ्या रंगातील बीटल मोटारी हीच त्याची ओळख झाली. २००२ मध्ये ‘बेस्ट बाय’ या साखळीने तो विकत घेतला. हे झाले स्वत:च्या गाडीवर स्वत:चे नाव. दुसरे रूप म्हणजे भाड्याची पाठ. २००० च्या सुमारास, डॉटकॉमचा फुगा तट्ट फुगलेला असताना, खासगी मोटारमालकांना दरमहा पैसे देऊन त्यांच्या गाड्या परक्या कंपन्यांच्या जाहिरातींत गुंडाळण्याचा धंदा तेथे निघाला. कालांतराने ठकसेनांनी त्याचा ताबा घेतला. गाडीवर जाहिरात लावण्याचे पैसे म्हणून खोटा धनादेश पाठवायचा, त्यातली काही रक्कम ‘स्टिकर लावणाऱ्याला’ पुढे पाठवायला सांगायची आणि धनादेश वटला नाही की मोटारमालक बुडाला, ही तेथील नेहमीची फसवणूक. तेथील फेडरल ट्रेड कमिशनला त्याबाबत ग्राहकांना सावध करावे लागले.

आपल्या नियमावलीने हाच फरक धरायला हवा. स्वत:च्या गाडीवर स्वत:च्या व्यवसायाचे नाव लिहिणारा माणूस वेडीवाकडी गाडी चालवण्यापूर्वी दोनदा विचार करतो. कारण त्याच्या प्रत्येक चुकीखाली त्याचा पत्ता छापलेला असतो. भाड्याच्या जाहिरातीला ही जबाबदारी नसते. आणि तिसरा एक वर्ग आहे, ज्याचा खरा त्रास नागरिकांना होतो. बंद पडलेली जुनी व्हॅन किंवा ट्रॉली रस्त्याच्या कडेला महिनोन्‌महिने उभी करून तिच्यावर क्लासची वा गृहप्रकल्पाची जाहिरात लावायची. चाके आहेत म्हणून ते वाहन, हलत नाही म्हणून तो फलक आणि पार्किंगची एक जागा कायमची गिळंकृत. ‘चाकांवरचा फलक’ हे शब्द कायद्यात घातले गेले ते नेमके अशांसाठी. कारवाईचा बडगा मात्र, अनुभव असा, की चालत्या गाडीवरच लवकर पडतो; ती थांबवता येते, तिचा मालक आत बसलेला असतो.

मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी जाहिरात धोरणाला हात घातलाच आहे, तर दुकानाच्या पाटीला असलेली सवलत वाहनालाही लागू असल्याचे एका परिच्छेदात स्पष्ट करता येईल. अटी सोप्या ठेवता येतील: गाडी व्यवसायाच्या मालकाची किंवा त्याच्या कुटुंबीयाची असावी, मजकूर त्याच्याच व्यवसायाचा असावा, काचा आणि नंबरप्लेट मोकळ्या असाव्यात, दिवे नसावेत, टपावर उभा सांगाडा नसावा आणि गाडी चालती असावी. यातून महापालिकेचा महसूल बुडेल अशी भीती घालणारे भेटतील. पण सहा इंची पट्ट्यांकडून तो आजही गोळा होत नाही. गोळा होते ती अनिश्चितता, आणि ती प्रसंगी चिरीमिरीच्या रूपाने भलत्याच खिशात जाते.

तोवर डिकीवर पत्ता लिहून घेणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टिकर पाच वर्षे टिकतो, संकेतस्थळाची नोंदणी मात्र दरवर्षी नूतनीकरण मागते. ती चुकली आणि तो पत्ता दुसऱ्या कोणी घेतला, तर आपली गाडी आपल्याच पेट्रोलवर त्याची जाहिरात करत गावभर हिंडते. गाडी विकतानाही अक्षरे आधी काढून घ्यावीत. आमच्या परिचयातील त्या गृहउद्योजिकेने ती तशीच ठेवून गाडी विकली. नव्या मालकाने सिग्नल तोडल्याची तक्रार तिच्या संकेतस्थळावर आली, ती ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि उत्तर लिहिण्यात तिची एक संध्याकाळ गेली.